तीनच्या आत

सत्तावन्नाव्या वर्षी शैला सावेच्या डोक्यात परदेशी जायचं खूळ शिरलं आणि तिने ते कुरगावात कोणाच्याच कानावर घातलं नाही. घातलं असतं तर शेजारच्या सुलूने आधी हसून घेतलं असतं, मग हळहळून घेतलं असतं, आणि दिवस मावळायच्या आत ती बातमी बोईसरच्या मासळीबाजारात पोचली असती. म्हणून शैलाने पालघरची एसटी धरली. फॉर्म भरून देणारी दुकानं बोईसरलाही चिक्कार आहेत, पण तिथे तिला ओळखणारी माणसंही चिक्कार आहेत. पालघरला ती कोणाचीच कोणी नव्हती. याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा वाईटही वाटलं.

खूळ घातलं होतं स्नेहलने. स्नेहल तिच्या चुलतभावाची मुलगी, पुण्याला नोकरी करते. शिक्षण संपल्यावर ती वर्षभर वेल्सला एका संस्थेत राहून आली होती. तिथे टेकडीवर आठ-दहा घरं आहेत आणि त्या घरांत देवूसारखी माणसं राहतात, वयाने मोठी आणि मनाने लहान. त्यांच्याबरोबर एका घरात, एका टेबलावर जेवून वर्षभर राहायला जगभरातून स्वयंसेवक येतात. पगार नाही. खोली, जेवण आणि किरकोळ हातखर्च.

"आत्या, तिथे येणाऱ्या पोरांना हे शिकायला सहा महिने लागतात," स्नेहल फोनवर म्हणाली होती. "तू पहिल्या दिवसापासून तयार आहेस."

देवू म्हणजे शैलाचा धाकटा भाऊ, देवीदास. आई गेली तेव्हा शैला पंधरा वर्षांची होती आणि देवू नऊ. देवूचं अंग वाढलं, दाढी-मिशी आली, कानशिलावरचे केस पिकले, पण मन पाच-सहा वर्षांच्या पोराचंच राहिलं. वडिलांनी वाडी सांभाळली, शैलाने देवूला सांभाळलं. वडील गेल्यावर तिने दोन्ही सांभाळलं. मध्ये दोनदा तिला बघायला पाहुणे आले. दुसऱ्या खेपेच्या मंडळींना ती पसंत पडली, मुलगाही तारापूरच्या कंपनीत कायम होता. त्यांनी जाता जाता एवढंच विचारलं, "भावाचं पुढे काय करायचं ठरवलंय?" शैला चहाचे कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. पुढे कोणी बघायला आलं नाही.

देवूला घड्याळ कळायचं नाही. त्याचं घड्याळ म्हणजे एमआयडीसीतल्या एका कंपनीचा भोंगा. तीन वाजता पाळी बदलायची, भोंगा व्हायचा, आणि देवू जिथे असेल तिथून येऊन ओट्यावर बसायचा. चहा! भोंग्याआधी दिला तर घ्यायचा नाही, आणि भोंग्यानंतर उशीर झाला तर घर डोक्यावर घ्यायचा. कंपनीला सुट्टी असली की पंचाईत. भोंगा नाही म्हणून हा दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राही, चहाला शिवत नसे. शेवटी शैलाने युक्ती काढली. सुट्टीच्या दिवशी तीनला ती विहिरीमागे जाई, दोन्ही हात तोंडाशी धरी आणि पोटात होता नव्हता तेवढा श्वास काढून भोंगा वाजवी. मग पदराने तोंड पुसून, काहीच ठाऊक नसल्यासारखी पुढच्या दाराने येई.

"ताय, भोंगा झाला," देवू बजावून सांगे.

"झाला का? मला नाय ऐकू आला."

हे नाटक पंचवीस वर्षं चाललं आणि देवूला कधी संशय आला नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत त्याच्या छातीत कफ साठला आणि चार दिवसांत तो गेला. एकोणपन्नास वर्षांचा होता. भेटायला अख्खं गाव आलं, आणि जो आला तो एकच बोलला. "सुटला बिचारा." मग तिच्याकडे बघून, आवाज खाली आणून, "तू पण सुटलीस गं बाय." सुलू तर तेराव्याच्या जेवणाला भात वाढता वाढता म्हणाली, "आता जरा आपलं बघ. कुठं फिर, जा. जन्म गेला तुजा त्याच्यापायी." सुलू मनाने वाईट नाही. कोणीच वाईट नव्हतं. पण शैलाला ते एकेक सांत्वन तोंडात मारल्यासारखं लागलं. आपलं माणूस गेलं म्हणून रडायला बसावं, तर लोक अभिनंदन करून जात होते! मग तिने रडायचंच टाकलं. रोज तीनला भोंगा व्हायचा, ती दोन कप चहा ठेवायची, आणि दुसऱ्यातला गार झाला की मोरीत ओतायची.

त्यामुळे स्नेहलने वेल्सचं नाव काढलं तेव्हा शैला नाही म्हणाली नाही. स्नेहलनेच इंग्रजीत अर्ज लिहिला, स्नेहलनेच व्हिडिओ कॉलवर तिकडच्या बाईंशी गाठ घालून दिली आणि मध्ये बसून दुभाष्याचं काम केलं. अनुभव काय, म्हणून बाईंनी विचारलं. शैलाकडे ना कसला दाखला, ना कोणा साहेबाचं पत्र. तिने भोंग्याची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, वाजवून दाखवा. शैलाने दार-खिडक्या लावून घेतल्या आणि वाजवून दाखवला. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. आठवड्याने होकार आला.

आता राहिला पासपोर्ट, आणि मग व्हिसा.

पालघरला तहसील कचेरीच्या रस्त्याला चिरागचं टीचभर दुकान होतं. पालघर जिल्हा झाल्यापासून तिथे अशा दुकानांना ऊत आलाय. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पासपोर्ट, झेरॉक्स, लॅमिनेशन. चिराग पस्तिशीचा, डहाणूकडचा, तोंडाने फटकळ आणि हाताने भराभर. वयस्कर बाई दिसली की तो मावशी म्हणे, मग ती कोणत्याही जातीची, कोणत्याही गावची असो.

शैलाने बाकड्यावर बसल्या बसल्या पिशवीतून रेशनकार्ड काढलं. सरकारी काम म्हटलं की आपल्याकडचं माणूस पहिलं रेशनकार्ड काढतं. शाळेत नाव घालायचं असो, नाहीतर विजेचा मीटर घ्यायचा असो, आधी रेशनकार्ड, मग बाकीचं.

"हे लागत नाय आता, मावशी," चिराग म्हणाला, पण त्यानेही सवयीने ते उघडलंच. केशरी कार्ड. त्यावरचं धान्य कधीचंच बंद झालेलं, नावं तेवढी होती. "शैला रघुनाथ सावे. देवीदास रघुनाथ सावे, भाऊ. काय करतो भाऊ?"

शैलाने देवूचं नाव कमी केलं नव्हतं. पुढच्या महिन्यात करू, पुढच्या महिन्यात करू म्हणत दोन वर्षं गेली होती. खरं सांगायला तिने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"काय नाय करत. घरी असतो. त्याचं जरा लहान पोरासारखं हाय."

बोलून गेली आणि तिची तीच दचकली. चिराग दचकला नाही. त्याने मान वर केली आणि विचारलं, "मग तुमी इकडे आलात तर त्याला बघतं कोण?"

"शेजारीण हाय. पण तीनच्या आत पोचायला पायजे. चहा लागतो त्याला."

"मग आधी नाय का सांगायचं!" रांगेतल्या दोघांना चिरागने हातानेच थोपवलं. "थांबा रे. मावशींना तीनच्या आत घरी पोचायचंय."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून शैलाला पाप केल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने मनाला विचारूनही बघितलं. नाही वाटलं. त्याला बघतं कोण, हे दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

मग खेपा सुरू झाल्या. पासपोर्टच्या, फोटोच्या, सहीच्या. शैला पालघरला जाई आणि पालघरला देवू जिवंत होई. आज त्याने आंघोळीला त्रास दिला. आज त्याला वांग्याची भाजी नको होती. एकदा तिने विहिरीमागच्या भोंग्याची गोष्ट सांगितली तेव्हा चिराग खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मावशीचा भाऊ म्हणून तो देवूला देवूमामा म्हणायला लागला. "देवूमामाला काय आवडतं?" त्याने एकदा विचारलं. चकचकीत काहीही, ती म्हणाली. तेव्हापासून लॅमिनेशनच्या कापून उरलेल्या पट्ट्या तो एका पिशवीत टाकून ठेवी आणि जाताना तिच्या हातात देई. घरी आणून त्या ठेवायच्या कुठे, असा शैलाला प्रश्न पडे. मग ती देवूच्या खिळ्याला अडकवी. देवूचा खिळा ओट्यावरच्या खांबाला होता, सापडेल ते चकचकीत तो तिथे टांगायचा. वाऱ्याने पट्ट्या हलत, उन्हात लखलखत, आणि तिला घडीभर बरं वाटे. मग आत जाऊन एकटीला जेवायचं असे.

हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं. वेडी नव्हती ती. पण गावात देवू म्हणजे सुटलेला बिचारा होता, आणि चिरागच्या दुकानात तो वांग्याची भाजी नको म्हणणारा माणूस होता.

पासपोर्ट आला आणि व्हिसाचा फॉर्म भरायची वेळ आली. चिरागने आधीच वाचून ठेवलं होतं.

"टुरिस्टवर जाता येणार नाय. तिथे काम करणार ना तुमी?"

"काम कसलं? पगार कुठं हाय? सोबत राहायचं, रांधायचं, त्यांचं आंघोळपाणी बघायचं."

"त्यालाच तिकडे काम म्हणतात, मावशी. पैसे मिळोत न मिळोत. त्याला वेगळा व्हिसा, धर्मादाय कामाचा. संस्थेने तुमच्यासाठी नंबर काढून पाठवायला लागतो, तो आलाय. वर्षाच्या वर राहायचं नाय. तिकडे दुसरी पगारी नोकरी धरायची नाय. टीबी नाय असा दाखला पायजे, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे."

चाळीस वर्षं तिने जे केलं त्याला कुरगावात कोणी काम म्हटलं नव्हतं. शैला काय करते? घरीच असते. आणि सातासमुद्रापलीकडचं एक सरकार म्हणत होतं, हे काम आहे बाई, परवान्याशिवाय करू देणार नाही. तिला आधी हसू आलं, मग डोळे चुरचुरले.

"आणि एक," चिराग म्हणाला. "वर्ष संपलं की तुमी परत येणार, याची त्यांना खात्री पटायला पायजे. परत यायला तुमाला इकडे काय हाय?"

"घर हाय. वाडी हाय, सात-आठ नारळ."

"नारळ टाकतो. पण माणूस लागतं, मावशी." त्याने कीबोर्डवरचा हात उचलून कपाळावर मारला. "अरे, देवूमामा हाय ना! तोच मोठा पुरावा. तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं किती? एक. भाऊ. वर्षभर त्याला कोण बघणार, तेवढं तुमी ठरवलंय ना?"

इथे बोलायचं होतं. शैलाला ते पुढेही पुन्हा पुन्हा आठवलं, की इथे बोलायचं होतं. पडद्यावर एक आकडा होता आणि चिराग तिच्या मानेकडे बघत होता. जन्मभर कोणत्याही फॉर्मवर हा प्रश्न आला की तिने एकच उत्तर दिलं होतं. तिने होकारार्थी मान डोलावली. शून्य म्हणायला तिची जीभ वळली नाही.

चिरागने रेशनकार्डाचं इंग्रजी करून तेही जोडलं. कोणी मागितलं नव्हतं, पण कागद जास्त झाला म्हणून कोणाचं बिघडतं, असं त्याचं मत होतं. शेवटी त्याने तिला मजकूर वाचून दाखवला. वरची सगळी माहिती खरी आहे. मुद्दाम खोटं सांगितलेलं उघडकीला आलं तर अर्ज फेटाळला जाईल आणि दहा वर्षं पुन्हा व्हिसा मिळणार नाही. "हे सगळ्यांनाच असतं, घाबरू नका," तो म्हणाला. शैलाने मनात हिशेब केला. दहा वर्षांनी ती सदुसष्टची होणार होती.

अडीच आठवड्यांनी चिरागचा फोन आला. त्यांनी काहीतरी विचारलंय, दुकानात या.

ती गेली तेव्हा तो तावातावाने बसला होता. "बघा तिकडचा कारभार! तुमच्या संस्थेने पत्रात लिहिलंय, बाईंनी भावाला तो मरेपर्यंत सांभाळलं. मरेपर्यंत! आता व्हिसावाले विचारतात, संस्था म्हणते भाऊ वारला, तुमी म्हणता अवलंबून हाय, यातलं खरं काय? दहा दिवसांत कळवा. जित्या माणसाला मारून टाकतात म्हणजे काय! तुमी असं करा, उद्या देवूमामाला घेऊन या. रिक्षा करा, एसटी नको. इथे फोटो काढू, हातात आजचा पेपर धरून. लगेच पाठवून देतो. आणि मला पण भेटू दे की त्याला."

शैलाने पिशवी काखेत घट्ट धरली. "बघते," एवढंच म्हणाली आणि निघाली. मागून त्याने पट्ट्यांची पिशवी पुढे केली, तीही घेतली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. मेल्यासारखी झोपली. जड गेला तो दुसरा दिवस. सकाळी तिने विहिरीवर पाणी काढलं, झावळ्या ओढल्या, ओटा सारवला. अर्ज मागे घेता आला असता. मग देवू पालघरला जिवंत राहिला असता, आणि ती कुरगावात त्याच्या चहासाठी दोन कप ठेवत म्हातारी झाली असती. तिने ते आयुष्य डोळ्यांपुढे आणून बघितलं. वाईट नव्हतं. सवयीचं होतं. पण टेकडीवरच्या त्या घरांत कोणीतरी असेल, ज्याला भोंग्याशिवाय चहा जात नसेल, आणि त्याच्यासाठी विहिरीमागे जायला कोणी नसेल. वेल्सला विहिरी असतात की नाही हे तिला माहीत नव्हतं.

तीनला भोंगा झाला. तिने कपाटातून ग्रामपंचायतीने दिलेला मृत्यूचा दाखला काढला. दोन वर्षांत तो तिने एकदाही उघडून वाचला नव्हता. उभ्याउभ्याच वाचला. सगळं बरोबर होतं, तारीखसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली तेव्हा एक वाजून गेला होता. बाकड्यावर चार माणसं होती. चिरागने तिच्या मागे दाराकडे बघितलं, बाहेर रिक्षात कोणी आहे का तेही वाकून बघितलं. मग नेहमीसारखा हात केला. "थांबा रे. मावशींना तीनच्या आत जायचंय."

"नको," शैला म्हणाली. "त्यांचं होऊ दे. मला आज घाई नाय."

"का? देवूमामा कुठे गेला?"

ती बाकड्याच्या टोकाला बसली. एकेकाचं काम उरकून चारही माणसं गेली. चिराग तिच्याकडे मधूनमधून बघत होता आणि त्याचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते. दुकान रिकामं झालं तेव्हा तिने घडी केलेला दाखला त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मला घाई कधीच नव्हती," ती म्हणाली.

चिरागने कागद वाचला. त्याला कागद एका नजरेत वाचायची सवय होती, हा त्याने दोनदा वाचला. मग तो भडकला. "मावशी! दोन वर्षं झाली? दोन वर्षं? आणि मी इथे… तुमाला कळतंय का, दहा वर्षं बंदी लागली असती! माझ्या हाताने टाईप केलंय मी ते! रोज मला सांगत होतात, आंघोळ नाय केली, वांगं नको म्हणतो…" तो उठला, लॅमिनेशनच्या मशीनचं बटण बंद केलं, पुन्हा येऊन बसला.

"काय झालं होतं त्याला?" त्याने विचारलं.

"छातीत कफ झाला."

"खूप त्रास झाला का?"

शैलाने त्याच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. सुटला म्हणणाऱ्याला तो सुचतच नाही.

"चौथ्या दिवशी जास्त झाला," ती म्हणाली. "बोईसरच्या दवाखान्यात होता. काचा बंद, तिथे भोंगा ऐकू येत नाय. तीन वाजले, साडेतीन वाजले. चहा आणलेला मी थर्मासात. घेईना. ताय, भोंगा नाय झाला, म्हणे. दम लागलेला, तरी तेच. मी म्हटलं बाहेर जाऊन वाजवते. दारापर्यंत गेले पण. तिथं केवढी माणसं, नर्स, डाक्टर. मला लाज वाटली रे." तिचा आवाज एकदम फुटला. "लाज वाटली मला. नाय वाजवला. आणि तो चहा न घेताच गेला."

मग ती रडली. दोन वर्षांचं रडली, पदर तोंडात कोंबून, फॉर्म भरून देणाऱ्या परक्या माणसाच्या दुकानात. चिरागने तिला गप्प राहा म्हटलं नाही. झालं गेलं म्हटलं नाही. त्याचेही डोळे भरले होते. दाखला घ्यायला आलेल्या एकाला त्याने मान हलवूनच परत पाठवलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं, घरात कोणी गेलं की दुकानदार ओढतो तसं.

"चांगला होता देवूमामा," तो म्हणाला. भेटला नव्हता कधी, तरी म्हणाला.

तीन वाजले तेव्हा शैला अजून तिथेच होती. पालघरला भोंगा ऐकू येत नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. समोरच्या टपरीवरून चिरागने दोन चहा मागवले. मग दोघांनी मिळून उत्तर लिहिलं. भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. फॉर्म भरताना मी हो म्हटलं, ते खोटं होतं. भरून देणाऱ्याची चूक नाही. फायदा व्हावा म्हणून मी बोलले नाही. चाळीस वर्षं एक सांगत आले, दुसरं तोंडातून निघालं नाही. चिरागने त्याचं इंग्रजी केलं आणि म्हणाला, "हे त्यांना कळेल का, देव जाणे." अवलंबून असलेली माणसं, शून्य. दाखला जोडला. परत यायला काय आहे, तिथे आता घर आणि सात-आठ नारळच उरले होते.

त्याच आठवड्यात तिने तहसील कचेरीत जाऊन रेशनकार्डावरचं नावही कमी करून घेतलं. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर काढलं आणि जुन्या पुस्तिकेत पट्टी धरून देवूच्या नावावर लाल रेघ मारली. रेघेखालून नाव वाचता येत होतं. शैलाला तेवढंही पुरलं.

व्हिसा मिळाला. साडेतीन आठवडे लागले आणि कोणी काही जास्त विचारलं नाही. चिरागने फोनवर ओरडून सांगितलं तेव्हा ती विहिरीवर होती. सांगायला म्हणून ती घाईने कुंपणापर्यंत गेली. पलीकडे सुलू होती, तिला सांगितलं. सुलू हसली, हळहळली आणि शेवटी म्हणाली, "बरं झालं, फिरून ये. सुटलीस." शैलाने ऐकून घेतलं.

जायच्या आदल्या दिवशी ती तिकिटाचा कागद काढायला पालघरला गेली. संस्थेने एक शेवटचा फॉर्म पाठवला होता, तोही चिरागनेच उघडला. कपड्यांचं माप काय, खाण्यात काय चालत नाही, रक्तगट. भराभर झालं. मग तो थांबला.

"तुमाला तिकडे काही झालं तर इकडे कोणाला कळवायचं?"

शैलाने विचार केला. सुलूला कळवून काय होणार? स्नेहल सहा महिन्यांनी एकदा फोन करायची. "रिकामं ठेव," ती म्हणाली.

"नाय ठेवता येत. तांबडी खूण हाय. त्याशिवाय पुढे जात नाय."

मागे रांगेतल्या एकाने घसा खाकरला. चिरागने तिला न विचारता स्वतःचं नाव टाकलं, आपला मोबाईल नंबर टाकला, दुकानाचा पत्ता टाकला. मग पुन्हा थांबला.

"नातं विचारतात. आई, बाप, नवरा, मूल, भाऊ-बहीण, मित्र, इतर."

त्याचा हात भाऊ-बहीण या शब्दाजवळ जरा घुटमळला. शैलाने मान हलवली.

"खोटं नको आता," ती म्हणाली. "इतर टाक."

"इतर टाकलं तर काय ते लिहायला लागतं."

"मग लिव ना."

चिरागने इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिला अक्षर लावून वाचता येत होतं, तरी तिने विचारलं, "काय लिवलंस?"

"फॉर्म भरणारा."

शैलाने ते एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. "असू दे," ती म्हणाली. "खरं हाय." आणि पुढे जायची मुभा देणारं हिरवं बटण दिसायला लागलं होतं, ते तिने आपल्याच बोटाने दाबलं.